गोणीवरचा टक्का

आरोग्यखात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीस असताना, पटकीच्या साथीत ज्या एका गावी पाण्याचे नमुने घेण्यास मला धाडण्यात आले, तेथील दप्तर इतके चोख होते की त्यात खोट काढावयास जागाच नव्हती : तारीख, विहीर, टाकलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, खाली सही, आणि प्रत्येक ओळीत तोच एक आकडा, 95 ग्रॅम. पाण्यात मात्र क्लोरीनचा मागमूस नव्हता.

आकड्याचा छडा लावला तेव्हा दिसले की ज्या दिवशी हिशेब मांडला त्या दिवशी तो निर्दोष होता. विहिरीचा व्यास 4 मीटर, पाण्याची खोली 3 मीटर. व्यासाच्या वर्गास खोलीने व मग 0.785 ने गुणून घनमीटरांचे लिटर केले की सुमारे 37,700 लिटर. आणि हजार लिटरला चांगल्या प्रतीची पावडर अडीच ग्रॅम, या रूढ प्रमाणाने 94, तराजूच्या सोयीने 95. परंतु हे मोजमाप उन्हाळ्यातले. आषाढात पाणी 6 मीटरवर चढले, म्हणजे पाण्याचा छेद दुप्पट झाला आणि पावडरीचा अंश जागचा हलला नाही. शिवाय त्या प्रमाणात पावडरीत 33 टक्के उपलब्ध क्लोरीन गृहीत धरलेला असतो. चावडीच्या ओलसर कोपऱ्यात उघड्या तोंडाने पडलेल्या गोणीत तो आमच्या तपासणीत 15 टक्केच भरला. दोन्ही उणिवांचा गुणाकार केला तर 400 ग्रॅमांहून अधिक पावडर हवी होती.

तेव्हा ज्यांच्या गळ्यात हे काम पडते त्यांनी खोली दर खेपेस दोरीला दगड बांधून मोजावी, व्यास कठड्याच्या आतून घ्यावा, आणि त्याच्या जागी त्रिज्या घालू नये, कारण तेवढ्याने उत्तर चौथाईवर येते (हे शाळकरी पोरासही ठाऊक असते, पावसात ओलेत्याने उभ्या असलेल्या माणसास आठवतेच असे नाही). आलेल्या वजनास 33 ने गुणून गोणीतील आजच्या टक्क्याने भागावे. गोणीवर छापलेला टक्का कारखान्यातून माल निघतानाचा असतो. अंदाजाने ओंजळभर जास्त टाकण्याची युक्तीही घातकच, कारण उग्र वासाला कंटाळून लोक ओढ्याची वाट धरतात.

पावडर बादलीत कालवून चुन्याचा गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळ तेवढी विहिरीत सोडावी, आणि तासाभराने पाणी तपासावे. लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक न आढळल्यास मात्रा पुन्हा द्यावी, व गोणीतला नमुना घट्ट बुचाच्या बाटलीत त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे रवाना करावा.