हुक दिला, पण कणीक मळायची नाही

माझा स्टँड मिक्सर कणकेसाठी नाहीच, असं कंपनी आता म्हणते. खोक्यावर हुकाचं चित्र आहे, हुकाला गुंडाळलेला पिठाचा गोळा आहे, शेजारी खरपूस ब्रेड आहे. आतल्या पुस्तिकेत ब्रेडची कृती दिली आहे. पैसे घेताना हे सगळं खरं होतं. गिअर गेल्यावर मात्र मी त्यात ‘जास्त घट्ट पदार्थ’ मळला, म्हणून वॉरंटी लागू नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या रनाळ्यात आणि आसपासच्या गावांत ओटीजी ओव्हन घेतलेल्या बऱ्याच जणी आता स्टँड मिक्सर घ्यायचं बोलतात. मला फोन करून विचारतातही. प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहिलेलं बरं.

मी ब्रेड करते तो गव्हाच्या पिठाचा, गिरणीतून दळून आणलेल्या. पुस्तिकेत कमाल मर्यादा एक किलो पीठ अशी छापलेली आहे. मी अर्ध्या किलोच्या वर कधीही गेले नाही. घरच्यापुरता ब्रेड, फार तर जाऊबाईंच्या घरी एखादा. मशीन घेतलं ते मनगटासाठी. डॉक्टरांनी मळणं बंद करायला सांगितलं होतं.

एके दिवशी मळता मळता कडकड आवाज आला आणि हुक थांबला. मोटार मात्र फिरतच होती. हे लक्षात ठेवा, कारण यावरून काय बिघडलंय ते घरबसल्या कळतं. मोटारीचा आवाज येतो पण हुक फिरत नाही, तर गिअरचे दात गेले. नुसती घुरघुर आणि जळका वास, तर वाइंडिंग. मधूनच बंद पडतं, पुन्हा चालू होतं, आत ठिणग्या दिसतात, तर बहुतेक कार्बन ब्रश झिजलेत आणि ते काम स्वस्तातलं असतं.

कंपनीने तंत्रज्ञ पाठवला, तोही मुलाने बऱ्याचदा फोन केल्यावर. त्याने मशीन उघडलंच नाही. आधी प्रश्न. “ताई, यात काय मळायचात?” म्हटलं, कणीक. “गव्हाची?” हो. “मग तेच. हे केकसाठी असतं.” मी हुक त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, केकला हुक कुठे लागतो? तर म्हणे हुक मैद्यासाठी, तोही सैल. मी पुस्तिका उघडून दाखवली. त्याने पाहिलीसुद्धा नाही. मग विचारलं, “एवढे ब्रेड कुणासाठी करता?” जाऊबाईंचं नाव निघालं आणि त्याने जॉबशीटवर लिहून टाकलं की वापर व्यावसायिक. ते इंग्रजीत लिहून माझ्यापुढे सहीला सरकवलं. गावातल्या बाईला इंग्रजी वाचता येत नसेल असं त्याने धरूनच टाकलं होतं. मी वाचलं आणि सही केली नाही. त्यावर त्याचा जो आवाज चढला, तो मी विसरणार नाही. जाताना व्होल्टेजचंही सांगून गेला: “तुमच्याकडे लाईटच तशी.” घरातला फ्रीज, टीव्ही, मिक्सर सगळं त्याच लाईटवर वर्षानुवर्षं चाललंय, हे त्याच्या कानापर्यंत पोचलं नाही.

कणीक मळणं म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. आम्ही खानदेशातल्या. पुरणाच्या मांड्याची कणीक सासूबाई परातीत आपटून आपटून मळायच्या. हातावर मांडा एवढा मोठा होतो आणि फाटत नाही, तो त्या मळण्यामुळेच. ब्रेडलाही तेच हवं असतं, पिठातली चिकटी ताणली गेली पाहिजे. कणकेचा ताण मशीनला झेपत नसेल, तर कंपनीने ब्रेडचं चित्र छापू नये.

कंपनीचा नकार ईमेलवर लेखी आल्यावरच मी मशीन गावातल्या मिस्त्रीकडे नेलं. हा क्रम पाळा. आधी उघडलं तर ‘बाहेर उघडलं’ हेच कारण पुढे करतात. आमचा मिस्त्री शेतपंपाच्या मोटारी रिवाइंड करतो. त्याने चार स्क्रू काढले, ग्रीस पुसलं आणि आतून एक पांढरा गिअर काढून माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूचे दात साफ गेलेले. “काकू, हाऊ गिअर ते प्लास्टिकना शे.” बाहेरून सगळं धातूचं, चकचकीत, लाल रंगाचं, आणि सगळा जोर ज्याच्यावर पडतो तो भाग प्लास्टिकचा. मोटारीला काहीही झालं नव्हतं. वाइंडिंग शाबूत, ब्रश जवळपास नवे. व्होल्टेजचं कारण तिथेच खोटं पडलं, कारण व्होल्टेजने नुकसान होतं ते मोटारीचं, गिअरचे दात त्याने तुटत नाहीत. मला खरा राग आला तो तेव्हा. एवढे दिवस मीच काही चुकीचं केलं असं ऐकून घेत होते.

प्लास्टिकचा गिअर असणं हाच गुन्हा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. काही चांगल्या मशीनमध्येही एक गिअर मुद्दाम कमजोर ठेवतात, म्हणजे हुक अडकला तर तो तुटावा आणि मोटार वाचावी. पण तिथे तो गिअर सुटा मिळतो आणि बदलताही येतो. माझ्या कंपनीचं उत्तर होतं की सुटा गिअर येत नाही, पूर्ण गिअरबॉक्स घ्या. त्याची किंमत मशीनच्या निम्म्याहून जास्त. म्हणून खरेदीच्या आधी हेच विचारा: गिअर सुटा मिळतो का, कितीला, आणि सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात? नंदुरबारात बसून नाशिकला पार्सल करायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा.

आता वॅटचं. माझ्या मशीनवर मोठ्या अक्षरात 1200 वॅट लिहिलंय. मिस्त्रीने विचारलं, एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, मग ही दीड हॉर्सपॉवरची झाली. तेवढी जोरदार वाटते का? छापलेला आकडा हा मोटार विजेतून जास्तीत जास्त किती ओढते त्याचा असतो, हुकापर्यंत किती जोर पोचतो त्याचा नाही. ही मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते आणि कणीक मळताना हुक फिरतो शंभराच्या आसपास. मधला सगळा फरक गिअरने पेलायचा. शिवाय मोटारीचा पंखा तिच्याच दांड्यावर बसलेला. कणीक मळायची सर्वात कमी वेगावर, म्हणजे तेव्हा पंखाही मंद. जोर सर्वात जास्त लागतो तेव्हाच हवा सर्वात कमी मिळते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, त्यात हे मशीन किती तापत असेल बघा.

वजन बघा, वॅट नको. या जातीचं मशीन जन्मालाच आलं ते कणकेसाठी. अमेरिकेत हर्बर्ट जॉन्स्टन या इंजिनिअरने 1908 च्या सुमारास यावर काम सुरू केलं ते बेकरीवाल्यांचे कष्ट पाहून. 1914 पर्यंत हॉबार्ट कंपनी बेकऱ्यांसाठी सुमारे 75 लिटरच्या भांड्याचं मशीन बनवत होती आणि घरगुती मशीन आलं 1919 मध्ये. ते घरगुती मशीनसुद्धा जवळपास 30 किलोचं होतं. तेव्हा ‘हे केकसाठी असतं’ हे वाक्य ऐकून घेऊ नका. आज चार-पाच किलोच्या मशीनवर तोच हुक लावून विकतात.

आणि परदेशी स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली मशीनं आपल्याकडे मोडतात, हेही काही नवीन नाही. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन मिक्सर आपल्या दळण-वाटणाने जळला. त्यांनी बायकोला ‘तुम्ही वापरच चुकीचा केला’ असं सांगितलं नाही. त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी मोटार बसवून 1960 च्या दशकात सुमीत मिक्सर काढला. चटणी, इडलीचं पीठ, ओला मसाला समोर ठेवून यंत्र बनवलं. गिरणीच्या पिठासाठी तेवढी तसदी अजून कुणी घेतलेली दिसत नाही. जात्याच्या दगडाखाली गव्हातला स्टार्च जास्त दुखावतो, त्यामुळे हे पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं. मैद्याच्या कृतीतलं पाणी मोजून घातलं तर गोळा दगडासारखा होतो.

मशीन आधीच घेतलेलं असेल, तर ते टिकवायचं कसं ते सांगते. पाणी आधी, पीठ नंतर, म्हणजे तळाशी कोरडा थर हुकाला अडत नाही. अर्ध्या किलो गिरणीच्या पिठाला 350 ते 375 ग्रॅम पाणी घ्या. नुसतं ओलं करून अर्धा तास झाकून ठेवा. त्या अर्ध्या तासात पीठ आपणहून बरंच जुळून येतं आणि मशीनचं निम्मं काम वाचतं. यीस्ट आणि मीठ त्यानंतर. मळताना चार-पाच मिनिटं चालवा, तेवढाच वेळ थांबा. मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवा, चटका बसला तर बंद. उन्हाळ्यात फ्रीजचं पाणी. डोकं वरखाली उड्या मारायला लागलं की कणीक घट्ट आहे असं समजा आणि चमचाभर पाणी घाला, वेग वाढवू नका. 

अजून घेतलं नसेल, तर टेबलटॉप वेट ग्राइंडर बघा, पीठ मळायच्या जोडणीसकट. वेट ग्राइंडर ही कोइमतूरची कमाई आहे. तिथे बनणाऱ्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्यात कार्बन ब्रश नसलेली इंडक्शन मोटार असते, बहुतेक 150 वॅटची, पण चाल सावकाश आणि न दमणारी. इडलीचं पीठ तासन् तास वाटायला बनवलेलं यंत्र मळण्याच्या दहा मिनिटांनी मरत नाही. गोळा ब्रेडइतका रेशमी होत नाही, शेवटी हाताने चार घड्या घालाव्या लागतात. माझ्या मनगटाला तेवढं चालतं.

बिल स्वतःच्या नावावर घ्या. खोकं फेकू नका, त्यावरचं चित्र हा पुरावा आहे. विक्रीच्या पानाचे फोटो काढून ठेवा, ते नंतर बदलतात. माझ्या मशीनच्या पानावरचा ब्रेड आता गायब आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक जपून ठेवा. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. वस्तूला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो, वकील सक्तीचा नाही. आणि ‘व्यावसायिक वापर’ म्हणून कुणी घाबरवलं तर त्याच कायद्यातली ग्राहकाची व्याख्या दाखवा: स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात व्यावसायिक धरत नाहीत. म्हणजे चार ब्रेड विकणारी बाईसुद्धा ग्राहकच. मी तर विकलाही नव्हता.

कंपनीने मधे निम्मे पैसे देऊ केले, ‘सद्भावना म्हणून’. मी नाही म्हटलं. मला माझे पूर्ण पैसे हवेत आणि जॉबशीटवरचा तो शेरा खोडून हवाय. माझा अर्ज मराठीत आहे, सोबत तुटलेल्या गिअरचा फोटो आणि मिस्त्रीचा लेखी अहवाल जोडलाय. कुणाला नमुना हवा असेल तर रनाळ्यात घरी येऊन घेऊन जा, झेरॉक्सचे पैसे मी घेणार नाही.