परिषदेला पेपरातून कळू नये

विद्यापीठात काही बिनसल्याची पहिली कुणकुण लागली की कुलगुरूंचा फोन कुणाकुणाला जातो, यावरून पुढचे पंधरा दिवस कसे जाणार हे मी बऱ्यापैकी सांगू शकतो. पहिला फोन पोलीस आयुक्तांना, दुसरा मंत्रालयातल्या ओळखीच्या कुणाला तरी, तिसरा व्यवस्थापन परिषदेतल्या ‘आपल्या’ माणसाला. परिषदेला म्हणून कुणी काही कळवत नाही. बैठक भरली तरच ती परिषद, एरवी ती नुसती नावांची यादी, असा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे.

नोकरीची बरीच वर्षे मी सभा विभागात काढली. विषयपत्रिका काढायच्या, टिपण्या लिहायच्या, बैठकीत कोपऱ्यात बसून इतिवृत्त उतरवून घ्यायचे. आता निवृत्त होऊन छत्रपती संभाजीनगरात राहतो. अधूनमधून एखादे प्राचार्य, एखादी नवी उपकुलसचिव विचारायला येते : ‘सर, असं असं झालंय. मंडळाला आत्ता सांगू, की चौकशी झाल्यावर?’ हे त्यांच्यासाठी.

एका विद्यापीठाची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. पदवी परीक्षेच्या एका प्रश्नात एका समाजाला बोचेल असा शब्दप्रयोग गेला. पेपर गुरुवारी सकाळच्या सत्रात झाला आणि दुपारपासून परीक्षा केंद्रांवरून फोन सुरू झाले. दिवस मावळायच्या आत परीक्षा विभाग, कुलसचिव, कुलगुरू सगळ्यांना ठाऊक होते. परिषदेच्या सदस्यांसाठी मी अर्ध्या पानाची टिपणी करून वर पाठवली. निरोप आला, ‘आत्ता नको. समिती नेमू, अहवाल येऊ दे, मग ऐनवेळच्या विषयात घेऊ.’ मधल्या काळात दोन सदस्यांना खासगीत सांगून झालेले होते. शुक्रवारी रात्री त्यांतल्या एकाने स्थानिक वाहिनीवर चौकशी समितीतल्या तिघांची नावे सांगून टाकली. समितीचे पत्र तोवर निघालेलेही नव्हते. उरलेल्या सदस्यांनी ही मुलाखत आपापल्या घरी जेवता जेवता पाहिली.

मग तातडीची बैठक. प्रश्नपत्रिका कुणी काढली, छपाईला जाण्यापूर्वी ती दुसऱ्या कुणी वाचली होती का, बोलावलेल्या तज्ज्ञांना ती वाचायला किती वेळ मिळाला, यातले एक अक्षर कुणी विचारले नाही. सकाळभर एकच विषय चालला : त्यांना सांगितले, आम्हाला का नाही? बाहेर विद्यार्थ्यांचे शिष्टमंडळ निवेदन घेऊन ताटकळत उभे. इतिवृत्तात त्या सगळ्याचे मी एक वाक्य केले, ‘सविस्तर चर्चा झाली.’ असली वाक्ये लिहिण्यात आमच्या खात्याचा हातखंडा होता.

सांगणे टाळणारे वरिष्ठ वाईट होते असे मला म्हणायचे नाही. त्यांची भीती खरी होती. आपल्या विद्यापीठांच्या परिषदा म्हणजे काही तटस्थ विद्वानांचे मंडळ नव्हे. पॅनेल करून निवडून आलेले प्राध्यापक, प्राचार्य, संस्थाचालक, पदवीधर, त्यांत नामनिर्देशित सदस्य. कुणाचा पक्ष, कुणाची संघटना, कुणाचे वर्तमानपत्र. सांगितले की फुटणार, हे कुलगुरू पहिल्या महिन्यातच शिकतात. पण मी जेवढे पाहिले त्यात फुटले ते नेहमी दोघातिघांना सांगितलेले. सगळ्यांना एकाच वेळी, एकाच शब्दांत, लेखी सांगितलेले सहसा फुटत नाही, आणि फुटले तरी त्यात मजा उरत नाही. जे सगळ्यांकडे आहे ते वाहिनीला नेऊन देण्यात कसला मोठेपणा? माहिती हे बक्षीस झाले की ती विकली जाते. म्हणून पहिली गोष्ट : परिषदेतल्या एकाला सांगायचे असेल तर त्याच तासात सर्वांना सांगा. विरोधी पॅनेलच्या त्या कटकट्या सदस्यालाही. त्याला तर आठवणीने.

दुसरी गोष्ट कायद्यातच लिहिलेली आहे, आणि आपण ती अर्धीच पाळतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधले कलम १२ (७) प्रत्येक कुलगुरूला पाठ असते. आधीच्या १९९४ च्या कायद्यात तेच कलम १४ (७) होते. तातडीची परिस्थिती आहे असे मानायला वाजवी कारण असेल, तर एरवी ज्या प्राधिकरणाने निर्णय घ्यायचा त्याची वाट न पाहता कुलगुरूंनी कृती करावी. इथपर्यंत सगळ्यांना आवडते. पुढचा भाग असा की, लवकरात लवकर त्या प्राधिकरणाला लेखी कळवावे. काय केले ते तर कळवायचेच, पण तातडी होती असे आपल्याला का वाटले, त्याची कारणेही कळवायची. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा टिपण्यांत ‘काय केले’ नेहमी असायचे. ‘का वाटले’ या जागी ‘परिस्थितीचे गांभीर्य लक्षात घेऊन’ एवढे चार शब्द. ते कारण नव्हे. कुणी निवेदन दिले, किती वाजता, पोलिसांनी काय सांगितले, उद्यापर्यंत थांबलो असतो तर काय बिघडले असते, हे कारण.

२०१० साली मुंबई विद्यापीठात याच कलमाचा गाजलेला वापर झाला. रोहिंटन मिस्त्रींची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी बीएच्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात होती. त्यातल्या शिवसेनेविषयीच्या मजकुरावर आदित्य ठाकरे यांनी आक्षेप घेतला, प्रती जाळल्या गेल्या, आणि कुलगुरू राजन वेळूकर यांनी विशेषाधिकारात पुस्तक तडकाफडकी वगळले. पुस्तक योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. अभ्यास मंडळ, विद्या परिषद अशा पायऱ्या चढून अभ्यासक्रमात आलेले पुस्तक त्या पायऱ्यांना न विचारता खाली उतरले. सेंट झेवियर्सच्या प्राचार्यांनी उघड नापसंती व्यक्त केली आणि चर्चा देशाबाहेर पोचली. तेव्हा आमच्या विभागात या बातमीवर बराच खल झाला होता. माझे मत तेव्हा होते तेच आजही आहे. तातडी पुस्तकाची नव्हती, दारातल्या गर्दीची होती. गर्दीसाठी पोलीस असतात. पुस्तकासाठी विद्या परिषदेची विशेष बैठक आठवड्यात घेता आली असती. आणि तातडीची कारणे प्रामाणिकपणे कागदावर उतरवायला बसले की हा फरक लिहिणाऱ्याच्या स्वतःच्याच ध्यानात येतो. त्या कलमातली लेखी कारणांची अट परिषदेपेक्षा कुलगुरूंच्याच उपयोगाची आहे, ती अशी.

आमच्या शहरात बसून या विषयावर लिहायचे आणि नामांतर टाळायचे, हे जमणारे नाही. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाले. बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला द्यावे या मागणीच्या बाजूने विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेने ठराव केलेला होता. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. पोचीराम कांबळेंचे नाव आजही १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर घेतले जाते. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षे या विद्यापीठाच्या प्रत्येक बैठकीवर हा विषय पत्रिकेत नसतानाही बसलेला होता.

त्या काळात मी इथे कॉलेजात शिकत होतो. परिषदेच्या दालनात काय बोलले गेले हे मला कुठून माहीत असणार? पण पुढे वर्षानुवर्षे टिपण्या लिहिताना एक गोष्ट मला सलत राहिली. ठराव करणारे शहरात होते, मोर्चे शहरात निघत होते, अग्रलेख शहरात लिहिले जात होते. घरे जळली ती गावकुसाबाहेरची. ज्यांना सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली त्यांच्यातले कुणी या दालनांपैकी एकाही दालनात बसलेले नव्हते. म्हणून कोणत्याही वादाच्या टिपणीत मी एक परिच्छेद घालायला लागलो : याचा फटका कुणाला बसू शकतो आणि ते आत्ता कुठे आहेत. वसतिगृहातली मुले? तालुक्याच्या कॉलेजातला कंत्राटी शिक्षक? परगावच्या केंद्रावर एकटी असलेली पर्यवेक्षक? विद्यापीठाची प्रतिमा मलिन होईल हे वाक्य प्रत्येक टिपणीत असते. माणसांविषयीचा हा परिच्छेद घातला की सदस्यांचा सूर बदलतो, हे मी पाहिलेले आहे. पॅनेलची भांडणे थोडा वेळ का होईना थांबतात आणि कुणीतरी विचारते, ‘मग त्या मुलांना घरी पाठवायचं का?’ अशा प्रश्नासाठीच परिषद असते.

सगळे सांगा म्हणताना सगळेच सांगू नका, हेही सांगायला हवे. ही रेघ चुकली तर फार नुकसान होते. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्याचे कलम १६ समोर ठेवा. तक्रारदार, जिच्यावर तक्रार आहे ती व्यक्ती, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीतला मजकूर बाहेर जाता कामा नये. परिषदेला कळवायचे ते इतकेच : अशी तक्रार आली आहे, अंतर्गत समितीकडे अमुक तारखेला गेली आहे, कायद्याने चौकशीला ९० दिवस आहेत, तक्रारदाराच्या सुरक्षिततेसाठी व्यवस्था केली आहे. नाव नाही, विभागही नाही. आपल्याकडे विभाग सांगितला की नाव सांगितल्यासारखेच.

याच्याइतकेच महत्त्वाचे आणि हमखास विसरले जाणारे आणखी एक. एखाद्या प्राध्यापकाविरुद्धची कारवाई शेवटी परिषदेसमोरच येणार असते. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात सदस्यांना सगळे आरोप, ऐकीव गोष्टी आणि व्हिडिओ पाठवलेत, तर उद्या न्यायाला बसणारेच आधी मत करून बसतात. पुढे वकील कोर्टात नेमके तेच दाखवतो. म्हणजे काय घडले आणि काय चालू आहे ते सांगावे, कोण दोषी ते सांगू नये. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर काहीच सांगू नये. मी एका ग्रुपवर गोपनीय टिपणीला आलेले वाढदिवसाचे केक पाहिले आहेत.

टिपणी कशी असावी? एका पानाची. कळले ते वेगळे, कळायचे राहिले ते वेगळे. दुसऱ्या भागाला लोक घाबरतात; ‘अद्याप निश्चित माहिती नाही’ असे लिहिणे कमीपणाचे वाटते. पण पहिल्या दिवशी ठामपणे लिहिलेली आणि चौथ्या दिवशी मागे घ्यावी लागलेली ओळ सगळ्यांत महाग पडते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले आणि निकाल रखडले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. पुढच्या तारखा जाहीर होत राहिल्या, हुकत राहिल्या, आणि ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. नवी यंत्रणा अडखळली हे एकवेळ लोक समजून घेतात. दर आठवड्याला ‘झालेच म्हणून समजा’ ऐकलेले मात्र विसरत नाहीत.

टिपणीवर ‘गोपनीय’ शिक्का मारा, पण ती कधीतरी माहितीच्या अधिकारात बाहेर येणार असे धरूनच लिहा. त्यामुळे भाषा आपोआप सुधारते. ‘काही समाजकंटकांनी’ असे लिहिणारा हात थांबतो.

आता सदस्यांना दोन शब्द, कारण दोष नेहमी खुर्चीचाच असतो असे नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २०११ च्या मार्चमध्ये स्थानिक वर्तमानपत्राने छापले की एका माजी फुटबॉल प्रशिक्षकाची मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल ग्रँड ज्युरीपुढे चौकशी चालू आहे. मे महिन्याच्या बैठकीत अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांनी विश्वस्तांना थोडक्यात, विषय हलका करून सांगितले. विश्वस्तांनी फारसे काही विचारले नाही. नोव्हेंबरात अटक झाली आणि काही दिवसांत अध्यक्षांना जावे लागले. पुढच्या वर्षी आलेल्या फ्री यांच्या चौकशी अहवालाने अध्यक्षांना धारेवर धरलेच, शिवाय विश्वस्तांवरही ठपका ठेवला : तुम्ही खोदून विचारायला हवे होते. बातमी छापून आली होती, कुजबूज नव्हती.

आपल्याकडे सदस्य खोदून विचारतात ते प्रवासभत्त्याबद्दल. हे मी चेष्टेने लिहीत नाही, इतिवृत्ते काढून पाहा. कुलगुरू म्हणाले, ‘एक छोटं प्रकरण आहे, मी बघतोय’, तर सदस्याने तिथेच विचारावे : कुणी कळवले, केव्हा कळवले, यापूर्वी असे झाले होते का, पुढची माहिती आम्हाला कोणत्या तारखेला मिळेल? आणि उत्तर इतिवृत्तात घ्यायला लावावे. सभा विभागातला माणूस कोपऱ्यात पेन घेऊन बसलेलाच असतो. त्याला वरून डोळ्यांनी खूण होते, हे घेऊ नका म्हणून. सदस्याने तोंडाने ‘नोंद घ्या’ म्हटले तर ती खूण चालत नाही, आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना ती ओळ आहे की नाही हे त्याच सदस्याने वाचून पाहावे लागते.