बारभाईची खेती आणि गांवची पडकई



आपल्या भाषेंत दोन म्हणी आहेत. एक म्हणते, ‘गांव करील तें राव काय करील?’ दुसरी म्हणते, ‘बारभाईची खेती, काय लागेल हातीं?’ पुष्कळांनीं मिळून हात लाविला म्हणजे राजालाहि अशक्य तें शक्य होतें, असें पहिली सांगते. पुष्कळांनीं मिळून हात लाविला म्हणजे कामाची माती होते, असें दुसरी सांगते. दोन्ही म्हणी आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतों आणि दोन्ही वेळां मान डोलावतों. मग यांतील खरी कोणती?

या प्रश्नाचा विचार करणारें एक शास्त्र आहे. त्यास सामाजिक मानसशास्त्र म्हणतात. मनुष्य एकटा असतां कसा वागतो आणि चारचौघांत गेला म्हणजे त्याच्या मनांत व वर्तनांत कोणता पालट होतो, हा त्या शास्त्राचा विषय होय. त्यांतील तीन मुख्य कल्पना आज पाहूं.

पहिली कल्पना सामाजिक आळसाची. फ्रान्समधील रिंगेलमान नांवाच्या शेतकी यंत्रविद्येच्या प्राध्यापकानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांकडून दोर ओढवून त्यांचा जोर मोजला व १९१३ सालीं तो प्रसिद्ध केला. एकटा मनुष्य जितका जोर लावी, तितका तो आठांच्या मेळांत लावीना. तेथें माणशीं जोर जवळजवळ निम्म्यावर येई. कोणी म्हणेल, आठांचा ठेका जुळत नसेल, म्हणून जोर वायां जात असेल. तें थोडेंबहुत खरेंच आहे. परंतु १९७४ सालीं अमेरिकेंत एक युक्ति करून पाहण्यांत आली. एकाचे डोळे बांधून त्यास दोराच्या पुढच्या टोकाशीं उभें केलें, आणि मागें आणखी गडी ओढीत आहेत असें भासविलें. मागें कोणीच ओढीत नव्हतें. तरीहि त्याचा जोर उतरला. ठेका चुकण्यास दुसरा कोणी नव्हताच. चुकलें होतें तें मन. पुढें १९८१ सालीं आणखी एक गोष्ट निदर्शनास आली. प्रत्येकाचा वांटा वेगळा मोजला जात आहे असें समजलें म्हणजे हा आळस नाहींसा होतो.

दुसरी कल्पना जबाबदारीच्या वांटणीची. १९६८ सालीं डार्ली व लॅटाने या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांस निरनिराळ्या खोल्यांत बसवून यंत्रावरून एकमेकांशीं बोलावयास लाविलें. बोलतां बोलतां एकास झटका आल्याचा आवाज ऐकूं आला. ऐकणारे आपण एकटेच आहोंत असें ज्यांस वाटत होतें, त्यांपैकीं शेंकडा ८५ जण मदतीस धांवले. आणखी चौघे ऐकत आहेत असें ज्यांस वाटत होतें, त्यांपैकीं शेंकडा ३१ जणच वेळीं उठले. उरलेले निर्दय नव्हते. कित्येकांचे हात कांपत होते. पण ‘कोणी तरी गेलाच असेल’ या एका विचारानें त्यांस जागेवर खिळवून ठेविलें. ओझें वांटलें म्हणजे हलकें होतें. जबाबदारी वांटली म्हणजे तीहि हलकी होते, हीच यांतील गोम आहे.

तिसरी कल्पना इतरांच्या तोंडाकडे पाहण्याची. त्याच शास्त्रज्ञांनीं एका खोलींत भिंतीच्या फटींतून धूर सोडला. खोलींत एकटा असलेल्यांपैकीं शेंकडा ७५ जणांनीं बाहेर जाऊन कळविलें. पण दोन माणसें मुद्दाम निर्विकारपणें शेजारीं बसविलीं, तेव्हां शेंकडा १० जणच उठले. धूर तोच, डोळे तेच. परंतु ‘हे शांत आहेत, त्या अर्थीं काळजीचें कारण नसेल’ असें प्रत्येकानें मानलें.

आतां दूरची प्रयोगशाळा सोडून आपण घरीं येऊं. शिनोलीच्या पश्चिमेस, डिंभे धरणापलीकडील डोंगरांत, महादेव कोळी समाजाची ‘पडकई’ नांवाची जुनी चाल आहे. पावसाळ्यापूर्वीं कांहीं कुटुंबें एकत्र येतात आणि डोंगरउतारावर भातखाचरें तयार करितात: धोंडे उचलावयाचे, बांध घालावयाचा, माती सारखी करावयाची. आज एकाच्या रानांत, उद्यां दुसऱ्याच्या, असें पाळीपाळीनें काम चालतें. येथेंहि पुष्कळ हात आहेत. मग येथें बारभाईची खेती कां होत नाहीं? कारण मंडळी थोडी व ओळखीची असते. कोण आला व कोण आला नाहीं, हें सर्वांस दिसतें. आज ज्यानें अंग चोरलें त्याच्या रानाची पाळीहि उद्यां येणारच असते. शास्त्रज्ञांनीं मापें लावून जें १९८१ सालीं पाहिलें, तें आपल्या डोंगरांतील निरक्षर पूर्वजांनीं व्यवहारांत केव्हांच आणिलें होतें.

म्हणजे दोन्ही म्हणी खऱ्याच. प्रत्येकाचा वांटा दिसतो व मोजला जातो, तेथें गांव रावास भारी होतो. तो दिसेनासा झाला कीं बारभाई माजते.

आणि हा केवळ शेतीचा प्रश्न नव्हे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आपल्याच आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या वाटेनें आलेल्या एस. टी. च्या चालकास रोजचें गांव जागेवर दिसेना; त्यानें तें कळविलें आणि मग बाहेर वार्ता पोहोंचली. पाहणारे डोळे आणि कळविणारें तोंड यांत किती अंतर ठेवावें, हें प्रत्येकाच्या हातीं असतें. पावसाळ्यांत डोंगरास नवी भेग दिसली, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, झाडें वा खांब कलूं लागले, तर ‘मोठ्या माणसांनीं पाहिलेंच असेल’ असें म्हणूं नका. शेजारी शांत आहेत, म्हणून तुम्हीं शांत बसूं नका. घरीं सांगा, शाळेंत सांगा, ग्रामपंचायतींत सांगा. सांगितलेलें व्यर्थ ठरलें तर चार जण हंसतील, इतकेंच.

शाळेंतहि हाच नियम. एखाद्या दुबळ्या मुलास चिडविलें जात असतां सारा वर्ग पाहत असतो, आणि प्रत्येकास वाटतें कीं दुसरा कोणी तरी बोलेल. तो दुसरा कोणी तरी म्हणजे तुम्हींच. मदत हवी असणाऱ्यानेंहि ‘कोणी तरी या हो’ अशी हांक मारूं नये; एकाचें नांव घेऊन हांक मारावी. नांव घेतलें म्हणजे जबाबदारी वांटली जात नाहीं.

पालकांसहि एक विनंति आहे. ‘सर्वांनीं मिळून आवरा’ असें मुलांस सांगण्यापेक्षां प्रत्येकाकडे एकेक काम नेमून द्यावें आणि तें झालें कीं नाहीं तें पाहावें. येत्या क्रीडादिनीं रस्सीखेच होईल, तेव्हां प्रत्येक गड्यानें दोर धरतांना मनाशीं इतकेंच विचारावें: मी एकटा असतों तर किती ओढलें असतें? तितकें ओढावें, मग हार झाली तरी ती लाजेची नव्हे.