रुमालाखालची बोली आणि गुरूचे चंद्र

मंडईच्या आसपास वाढलेल्या माणसाला वस्तू पारखायला कोणी मुद्दाम शिकवत नाही. भेंडीचं टोक मोडून बघायचं, कलिंगडावर टिचकी मारायची, वांग्याचा देठ हिरवा आहे का ते आधी पाहायचं. मी पुण्यात शुक्रवार पेठेतल्या वाड्यात वाढलो, त्यामुळे हे हातातच होतं. ऑनलाइन लिलावात मात्र वस्तूला हातच लावता येत नाही. आकाश बघण्यासाठी गेल्या वीस वर्षांत मी अशा लिलावांतून सहा जुन्या दुर्बिणी घेतल्या. दोन वाया गेल्या, एक दुरुस्त करावी लागली, तीन उत्तम निघाल्या. त्या पैशांतून जे शिकलो ते इथे लिहितो. नवी दुर्बीण परवडत नाही म्हणून आकाश बघायचं राहून जावं, हे मला पटत नाही.

१. मोठा आकडा दिसला की पुढे चला.

२००० साली सुरू झालेली बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेनं विकत घेतली. त्यानंतर वर्षभरानं मी पहिली बोली लावली. दुर्बिणीवर लिहिलं होतं १०-३०×६०, आणि भिंगं माणकासारखी लाल. मला वाटलं, तीसपट म्हणजे शनीची कडी दिसणार. प्रत्यक्षात तीसपटीवर हात इतका थरथरायचा की शनी जागेवर टिकेना. लाल मुलामा तांबडा प्रकाश परत फेकतो, त्यामुळे चंद्रही हिरवट दिसायचा. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आकाशासाठी दुसरा आकडा जास्त मोलाचा, कारण उजेड तेवढ्याच तोंडातून आत येतो. हातात धरून बघायचं तर दहापटीच्या वर जाऊ नये. कमी-जास्त होणारी झूमची दुर्बीण तर फुकट मिळाली तरी नको.

२. मंडईसाठी १०×५०, वेल्ह्याच्या अंधारासाठी ७×५०.

दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ७×५० मध्ये ती सात मिलिमीटर, १०×५० मध्ये पाच. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढलं की कमी. पन्नाशीनंतर ७×५० मधला बराच उजेड बाहेरच सांडतो. शिवाय मंडईच्या दिव्यांनी आकाश आधीच राखाडी झालेलं असतं. तिथे ७×५० मधून ते राखाडीपणच जास्त दिसतं, आणि १०×५० मध्ये पार्श्वभूमी जरा काळी होऊन कृत्तिकांचे तारे उठून येतात. हे गणित मला ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या एका जुन्या सभासदानं कागदावर मांडून दाखवलं. ही संस्था १९४४ पासूनची, टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात, म्हणजे मंडईतून चालत जाण्याच्या अंतरावर. काही विकत घेण्याआधी अशा ठिकाणी जाऊन दोन-तीन दुर्बिणी डोळ्याला लावून याव्यात. आपल्याला काय हवं आहे ते कळल्याशिवाय लिलावात उतरूच नये.

३. फोटो मागून घ्या, आणि आपल्याला हवे तसे मागा.

विकणारा दुर्बीण पुसून, मखमलीवर ठेवून फोटो काढतो. त्यातून काही कळत नाही. मी आता तीन फोटो मागतो. एक, डोळ्याच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च आत मारून पुढच्या भिंगातून काढलेला. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा लख्ख दिसतात. दोन, दुर्बीण उजेडाकडे धरून हातभर लांबून डोळ्याच्या भिंगांचा. तिथे दोन उजेडाची वर्तुळं दिसतात. ती गोल असली तर लोलक चांगल्या काचेचे. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर साध्या काचेचे. तीन, अंगावर कोरलेला क्रमांक. सोव्हिएत काळातल्या दुर्बिणींवर क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा बनवल्याचं वर्ष सांगतात. माझी सर्वांत लाडकी १०×५० कझानच्या कारखान्यातली आहे, क्रमांक ८६ नं सुरू होतो. हॅलेचा धूमकेतू आला ते वर्ष! तिच्यातून सगळं किंचित पिवळसर दिसतं, पण तारे टाचणीच्या टोकासारखे.

फोटो काढून पाठवायला जो कंटाळतो, त्याच्याकडून मी घेत नाही. माल दाखवायला का-कू करणाऱ्या गाळ्यावर आपण थांबतो का?

४. दोन नळ्या एकाच ठिकाणी बघतात का?

हे कुठल्याच फोटोत दिसत नाही, आणि जुन्या दुर्बिणीचा हाच मोठा आजार. एकदा धक्का बसला की आतला लोलक सरकतो आणि दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात. मेंदू ती ओढून-ताणून जुळवतो, आणि दहा मिनिटांत डोकं चढतं. माझी वाया गेलेली दुसरी दुर्बीण अशीच होती. विकणाऱ्यानं ती नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली होती. वाटेत कुठे आपटली कोण जाणे. तेव्हापासून मी बोली लावण्याआधीच विचारतो: लांबचा विजेचा खांब एक दिसतो की दोन? पॅकिंग कसं करणार? परत घेणार का?

पार्सल आलं की मी गच्चीवर जातो. मंडईच्या मनोऱ्याचं टोक दुर्बिणीत धरतो (सूर्य त्या बाजूला नाही ना, हे आधी दहादा बघून). १८८६ ची ती अष्टकोनी इमारत माझी तपासणीची खूण झाली आहे. मग दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्यायची. छपराची कड दोन्हीकडे एका पातळीत राहिली तर ठीक. रात्री याहून पक्की परीक्षा होते. एखादा ठळक तारा डाव्या डोळ्यात नीट ठिपका करायचा, आणि उजवीकडचं भिंग फिरवून तोच तारा मुद्दाम फुगवायचा. ठिपका त्या फुगलेल्या चकतीच्या मधोमध बसला पाहिजे. थोडं चुकलं असेल तर जुने कॅमेरे दुरुस्त करणारा चांगला कारागीर स्क्रू फिरवून जुळवून देतो. पण तो खर्च बोलीच्या आकड्यात आधीच धरायला हवा.

५. आकडा घरून ठरवून निघा.

आमच्या वाड्यात एक काका होते, जन्म आडतीवर गेलेला. मंडईतला घाऊक बाजार गुलटेकडीला गेला तसे तेही रोज तिकडे जाऊ लागले. त्यांना मी एकदा ऑनलाइन लिलाव दाखवला. आपला सर्वांत वरचा आकडा साइटला सांगून ठेवायचा; तो कोणाला दिसत नाही. समोरचा जसजसा चढतो, तसतशी साइट आपल्या वतीनं एकेक पायरी चढत जाते. काकांनी लगेच ओळखलं: "अरे, ही तर रुमालाखालची बोली!" बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात धरतो आणि बोटं दाबून भाव सांगतो, बाजूला उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. काका म्हणाले, "बोटं एकदाच दाबायची. पुन्हा हात घातलास की तुझी गरज कळली."

मी ते ऐकलं नाही. येना इथली ८×३० ची एक सुंदर दुर्बीण लिलावाला आली. मी ठरवलेला आकडा ओलांडला गेला, आणि शेवटच्या पाच मिनिटांत रात्री जागून मी चार वेळा वाढवला. जिंकलो. टपालखर्च आणि कस्टम धरून नव्या १०×५० एवढे पैसे गेले, आणि आकाशासाठी तीस मिलिमीटरचं भिंग अपुरंच. ती दुर्बीण मी आता पक्षी बघायला वापरतो. त्यानंतरचा माझा नियम असा: तशाच नव्या दुर्बिणीच्या किमतीच्या निम्मे, त्यातून टपाल आणि दुरुस्ती वजा. तो आकडा एकदाच टाकायचा आणि झोपायचं.

६. आषाढात घ्या.

पावसाळ्यात पुण्यात चार महिने आकाश नसतं, त्यामुळे बोली लावायला कोणी नसतं. धूमकेतूची बातमी आली की सगळेच शोधू लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिन्शान-अॅटलास दिसत होता, तेव्हा मी भाव चढलेले पाहिले. आणि शोधताना चुकीचे शब्दही टाकून बघा. 'आजोबांची दुर्बीण', 'मिलिटरी दुर्बीण', खेळण्यांत किंवा पुराणवस्तूंत टाकलेली. तिथे जाणकार फिरकत नाहीत. ईबे इंडिया २०१८ मध्ये बंद झाली, पण जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत हा गोंधळ अजून तसाच आहे. घेतलेली दुर्बीण त्या पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायची, कपाटातल्या चामडी पेटीत नाही. बुरशी त्या पेटीतूनच सुरू होते.

७. जुना बाजार विसरू नका.

बुधवारी आणि रविवारी भरतो. माल कमी, पण हातात घेऊन बघता येतो.

८. घेतली की दुसऱ्याला दाखवा.

कार्तिकातल्या एका पहाटे गुरू जवळजवळ डोक्यावर होता. कझानची दुर्बीण गळ्यात अडकवून मी मंडईत गेलो. टेम्पो रिकामे होत होते. मेथीच्या जुड्या रचणाऱ्या मावशींनी विचारलं, "काय बघताय दादा वर?" मी त्यांना भिंतीला पाठ टेकवून, कोपर अंगाशी धरून उभं केलं, म्हणजे हात हलत नाही. फोकसचं चाक त्यांच्या बोटाखाली दिलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. शेजारची बाई गिऱ्हाईक आल्याचं सांगत होती.

"चांदणीच्या बाजूला बारक्या बारक्या टिकल्या हायत," त्या म्हणाल्या. "एकीकडं तीन, एकीकडं एक."

मी दुर्बीण घेऊन पाहिलं. चौथा चंद्र गुरूच्या अगदी लगत होता. मला तो गच्चीवरून सुटला होता.