रिबिनींचे पुस्तक कसे वाचावे?



पोळ्याच्या सुटीनंतर नववीतील एक मुलगी जाड काळ्या बांधणीचे इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. पुस्तक तिच्या आजीचे. आजी कॅथलिक असून निवृत्त परिचारिका आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ त्या या पुस्तकातून प्रार्थना म्हणत. आता त्यांना अक्षर दिसत नाही म्हणून नात वाचून दाखवते.

"सर, चार दिवस झाले वाचतेय. आजी रोज म्हणते, हे आजचं नाही. मग आजचं आहे तरी कुठं?"

मी गणिताचा शिक्षक, त्यातून घरी हरिपाठाची परंपरा. मला काय कळणार? नागपूरच्या एका परिचित फादरांना फोन केला. त्यांनी सांगितले ते येथे देत आहे.

या पुस्तकाला ब्रेव्हरी म्हणतात. त्याचा गाभा म्हणजे बायबलमधील १५० स्तोत्रे. ही स्तोत्रे दिवसाच्या ठरावीक वेळांना वाटून दिलेली असतात. पूर्वी सर्व स्तोत्रे एका आठवड्यात म्हणत. पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये नवी रचना मंजूर केली, तेव्हापासून ती चार आठवड्यांत विभागली आहेत. (शत्रूला शाप देणारी तीन स्तोत्रे, ५८, ८३ आणि १०९, त्या वेळी वगळली. हे ऐकून मला बरे वाटले.)

म्हणजे पहिला प्रश्न असा की चारपैकी आज कोणता आठवडा? येथे माझे गणित कामी आले. चर्चच्या दिनदर्शिकेत सामान्यकाळाचा कितवा आठवडा ते छापलेले असते. त्या अंकाला ४ ने भागा. बाकी उरेल तो आपला आठवडा आणि बाकी शून्य आली तर चौथा. समजा बावीसावा आठवडा आहे. २२ भागिले ४, बाकी २. दुसरा आठवडा काढा, वार पाहा, पान सापडले! नाताळापूर्वीचा आगमनकाळ सुरू झाला की गणना पुन्हा पहिल्या आठवड्यापासून होते. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारीही तसेच.

एक ठिकाणी आम्ही दोघेही फसलो. शनिवारी संध्याकाळी ती शनिवारचे पान शोधत बसली आणि ते पुस्तकात नव्हतेच. रविवार शनिवारच्या संध्याकाळीच सुरू होतो! आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून हे लक्षात आले नाही.

आता रिबिनी. त्या शोभेच्या नाहीत. पहिली नित्यक्रमावर ठेवावी, दुसरी चालू आठवड्याच्या स्तोत्रांवर, तिसरी त्या काळाच्या विशेष प्रार्थनांवर, चौथी संतांच्या दिवसांवर आणि पाचवी रात्रीच्या प्रार्थनेवर. साध्या संतस्मरणाच्या दिवशी स्तोत्रे बहुधा त्या वाराचीच राहतात आणि शेवटची प्रार्थना संताची घेतात. मुलगी प्रत्येक संताच्या दिवशी सगळेच बदलत होती. निम्मा घोटाळा तिथे होता.

संध्याकाळचा क्रम सोपा आहे. आरंभ, गीत, दोन स्तोत्रे, नव्या करारातील एक गीत, छोटे वाचन, मरियेचे गीत, विनवण्या, प्रभूची प्रार्थना आणि समारोप. प्रत्येक स्तोत्राच्या आधी व नंतर एक ओळ येते. तिला आपण ध्रुपद समजू या. स्तोत्र दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणतात, एक कडवे या बाजूने, एक त्या बाजूने. हरिपाठाला आपण समोरासमोर उभे राहतो तेच डोळ्यांसमोर आणा.

ज्यांना नव्याने शिकायचे आहे त्यांनी रात्रीच्या प्रार्थनेपासून सुरुवात करावी, असे फादर म्हणाले. ती लहान असते आणि दर आठवड्याला तीच येते. रविवारी ९१ वे स्तोत्र, गुरुवारी १६ वे, शुक्रवारी ८८ वे. शेवटी म्हाताऱ्या शिमोनाचे गीत, रोज तेच. एखाद्या दिवशी पान चुकले तर? मी मुद्दाम विचारले. फादर हसले. "चुकलेले पानही स्तोत्राचेच असते. वाचून टाका, उद्या बरोबर काढा."

परवा त्या मुलीला विचारले, आता कसे चालले आहे? म्हणाली, संध्याकाळचे पान तीच काढते आणि ध्रुपद तीच वाचते. आजीच्या वाट्याच्या कडव्यांपैकी बरीच आजीला पाठ आहेत. अडले तिथे ती पुढचा शब्द सांगते. रात्रीची प्रार्थना मात्र आजी तिला वाचू देत नाही. दिवा बंद करायला सांगते आणि स्वतः म्हणते. पाचवी रिबीन त्यामुळे मोकळीच आहे. तिने ती वहीत ठेवली आहे, भागाकाराच्या पानावर.