भाताच्या गंजींचा जाळ

मुलांनो, जपान हा भूकंपांचा देश. समुद्रतळाशी मोठा भूकंप झाला, की कधी कधी प्रचंड लाटा किनाऱ्यावर चालून येतात. त्यांना जपानी भाषेत ‘त्सुनामी’ म्हणतात.

इ. स. १८५४ मध्ये हिरो गावावर असेच संकट कोसळले. अंधारात लोकांना वाट सुचेना. तेव्हा हामागुची गोर्यो या व्यापाऱ्याने शेतांतील भाताच्या पेंढ्याच्या गंजी पेटविल्या. त्या उजेडाच्या रोखाने कित्येक गावकरी उंचावरील देवळाशी पोहोचले व वाचले.

परंतु घरेदारे वाहून गेली होती. हामागुचीने पदरमोड करून समुद्रकाठी सुमारे ६०० मीटर लांबीचा बांध बांधविला. त्या कामावर निराधार गावकऱ्यांना मजुरी मिळाली. १८८५ साली तो निवर्तला. पुढे १९४६ साली पुन्हा त्सुनामी आली, तेव्हा गावाचा बराचसा भाग त्याच बांधाने राखला.