वेस कुठे होती?

धारवाडात तीस वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवला. शाळा कानडी, घर मराठी. 'नागरीकरण' हा धडा पहिली दहा-बारा वर्षं मी वाईट शिकवला, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही. पुढे जे उमगलं ते असं.

१. व्याख्येने सुरुवात करू नका.
जनगणनेची व्याख्या मी फळ्यावर लिहायचो: किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं, कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर. पोरं घडाघडा म्हणायची. एकदा नवलूरची एक मुलगी उभी राहिली. "सर, घरपट्टी महापालिकेची येते आणि अप्पा सकाळी पेरूच्या बागेत असतात. मग आम्ही शहरात का खेड्यात?" वर्ग हसला. मला हसता येईना, कारण उत्तर येत नव्हतं. नवलूर हुबळी-धारवाड रस्त्यावरच आहे. तिथले पेरू साऱ्या मुलखात नावाजलेले, आणि बागांच्या कडेने प्लॉटचे दगड रोवलेले. त्यानंतर मी व्याख्या धड्याच्या शेवटी नेली. तोवर मुलांनी तिच्यातल्या तीन-चार फटी स्वतःच शोधलेल्या असायच्या.

२. थेट बसने नेऊ नका.
२०२० मध्ये हुबळी-धारवाडच्या बीआरटीएसचं, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेवरच्या जलद बससेवेचं, रीतसर उद्घाटन झालं. बसचं नाव 'चिगरी'. कानडीत चिगरी म्हणजे हरीण, आणि बस धावतेही तशीच. मला वाटलं, झकास, दोन शहरांमधला सगळा पट्टा तासाभरात दाखवता येईल. चाळीस मुलं थेट जाणाऱ्या बसमध्ये बसवली. गार हवा, बंद काचा. निम्मी पोरं झोपली, उरलेल्यांनी वह्यांत नुसती थांब्यांची नावं उतरवली. चूक माझीच. पुढच्या वेळी उणकल, नवनगर, सत्तूर, नवलूर असं उतरत, चालत गेलो. एका भिंतीला लागून गोठा, पलीकडे पाचमजली इमारत, मधल्या रिकाम्या प्लॉटवर एक म्हैस. मुलांनी चित्र काढलं ते म्हशीचंच.

३. पाट्या वाचायला लावा.
धारवाडचा टोल नाका आज भर वस्तीत आहे. नाका कधी गावात नसतो, गावाच्या तोंडाशी असतो, एवढं सांगितलं की पुढचं मुलं आपणच ओळखतात. तशीच त्या रस्त्यावरची भैरीदेवरकोप्पची पाटी: कानडीत कोप्प म्हणजे वाडी. नवनगरातलं 'नव' आता जुनं झालं. नकाशा नंतर दाखवा.

४. जोडशहर हे एक शहर समजू नका.
१९६२ साली हुबळी आणि धारवाड मिळून एक महापालिका झाली. मधे वीस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९ लाख ४३ हजार, पण ही दोन गावं वाढली दोन वेगळ्या कारणांनी. हुबळी वाढली कापसाच्या व्यापारावर आणि १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने टाकलेल्या वर्कशॉपवर. धारवाड वाढलं कचेरीवर आणि शाळा-कॉलेजांवर. कर्नाटक कॉलेज १९१७ चं. मी मुलांना एवढंच विचारायचो की आजोबा कशासाठी इथे आले. हुबळीची पोरं रेल्वे किंवा दुकान म्हणायची, धारवाडची नोकरी किंवा शिक्षण. दोन गावांतला फरक तिथेच फळ्यावर उमटायचा. (हुबळीकर आम्हाला पेन्शनरांचं गाव म्हणतात. म्हणोत. कथाकार जी. ए. कुलकर्णींनी इथेच वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्यांचं धारवाड शोधत पुण्याहून कोणी आलं की मलाच फिरवून आणावं लागतं.)

५. पाणी विचारा.
सगळ्यात चांगला जमलेला तास हाच. प्रत्येकाने महिनाभर घरातल्या कॅलेंडरवर नळाला पाणी आलं त्या दिवशी गोल करायचा. मलप्रभेचं पाणी सौंदत्तीहून येतं, हे पुस्तकात आहे. नळ किती दिवसांनी वाहतो, हे नाही. महिन्याअखेर कॅलेंडरं भिंतीवर लावली. काहींवर चार-पाचच गोल. एका मुलाचं कॅलेंडर कोरं होतं. कंटाळा केला असेल म्हणून मी रागावलो. तो म्हणाला, "सर, आमच्या अपार्टमेंटला खाली टाकी आहे, कधी भरते ते कळतच नाही." शेजारच्या बाकावरची मुलगी पहाटे उठून पिंपं भरणारी. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मी त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

६. शेवट रडका करू नका.
'खेडं चांगलं, शहर वाईट' असा निबंध परीक्षेत हमखास येतो, आणि मी त्याला मार्क कमीच दिले. त्याच नवलूरच्या मुलीच्या आईला मी एकदा विचारलं, बागेचा तुकडा विकल्याचं वाईट वाटतं का? "वाटतं की. पण सासूबाईंना रात्री छातीत दुखलं तेव्हा सत्तूरचं हॉस्पिटल जवळ होतं." उरलेल्या बागेचं काय, हे मी विचारलं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडच्या वेगळ्या महापालिकेला मंजुरी दिली. म्हणजे आता वेस कुठे आखायची, हा प्रश्न पुन्हा आला. तुमच्या शाळेची सहल इकडे काढणार असाल तर हिवाळ्यात काढा आणि नवलूरला उतरा. पेरू रस्त्यावरच विकायला असतात. विकणाऱ्या बाईंना बाग कुठे आहे ते मुलांनाच विचारू द्या.